मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा संघ जोखायला सुरुवात करताय? मग आधी एवढं बघा

स्वागत! नवीन माणूस आधी परदेशी स्ट्रायकरचं नाव आणि त्याचे गोलांचे व्हिडिओ बघतो. तिथेच गडबड होते. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, देशातली मोठी फुटबॉल लीग) 2021-22 पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळू शकतात, म्हणजे उरलेले सात भारतीय. संघाची खरी ताकद त्या सातांत असते, आणि चांगला भारतीय मिडफिल्डर मिळणं महाकठीण.

2024 चंच घ्या. मे महिन्यात आपण आयएसएल कप जिंकलो, आणि त्याच उन्हाळ्यात अपुइया, राहुल भेके, नोगेरा, परेरा डियाझ हे खेळाडू क्लब सोडून गेले. पुढच्या मोसमात आपण सहावे. कप बघून भविष्य ठरवू नका.

सुरुवातीला एवढंच करा:
- प्रत्येक जागेसाठी दुसरा खेळाडू कोण, ते कागदावर लिहा. रिकामी जागा लगेच दिसेल.
- कोणाचा करार कधी संपतो, ते बघा. वय त्यानंतर.
- दोन पराभवांवरून प्रशिक्षकाला हाकलायची घाई नको.

एक्सजी (संधी बघता किती गोल अपेक्षित होते, त्याचा अंदाज) वगैरे आकडे सध्या बाजूला ठेवा. पूर्ण नव्वद मिनिटं सामना बघा, आणि चेंडू नसताना आपला विंगर छांगटे कुठे पळतो तिकडे लक्ष द्या. बिनधास्त विचारत राहा.