पाडव्याआधी मुळं धरली पाहिजेत : परसबागेची प्रश्नोत्तरे

यंदा आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त प्रश्नांचा शेवट "कुठलं औषध मारू?" असा आहे. आणि त्यातल्या बहुतेकांना औषधाची गरजच नाही. कोल्हापुरात अंबाबाईचा किरणोत्सव झाला (31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी) की थंडी ओसरायला लागते. जोतिबाच्या चैत्र यात्रेपर्यंत ऊन भाजून काढायला लागलेलं असतं. मधले हे दोन-अडीच महिने भाजीला मुळं खोल सोडायला मिळतात. ज्यांची रोपं पाडव्याआधी जमिनीत बसली, त्यांना एप्रिल-मे सोपा जातो. बाकीच्यांची झाडं उन्हाशी झगडत राहतात, आणि आपल्याला तो रोग वाटतो.

राजारामपुरीतून एक वाचक : गच्चीवर वीस लिटरच्या बारा बादल्या आहेत. मार्च लागला. टोमॅटो, कोबी, भेंडी, गवार, मेथी असं सगळं लावायचं आहे. काय काय येईल?

कोबी आणि फ्लॉवर राहू द्या, ते आता ऑक्टोबरात. वाटाणाही नको. मेथी येईल, पण सावलीत आणि कोवळी असतानाच काढावी लागेल. उशीर झाला की कडवट होते.

भेंडी, गवार आणि चवळी ही या दिवसांतली हक्काची पिकं. भेंडीचं बी रात्रभर भिजवून दोन सेंटिमीटर खोल टोका. वीस लिटरच्या बादलीत दोन झाडं, तिसरं नको. पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत तोडा सुरू होतो आणि मग दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर जून होते. वाण म्हणाल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले उत्कर्षा' चांगला. गवारीला 'पुसा नवबहार' घ्या. गवार उन्हाला आणि कमी पाण्याला दाद देत नाही, उलट जास्त पाण्यानेच तिची मुळं कुजतात.

टोमॅटोसाठी मार्चमध्ये बी टाकून उपयोग नाही. बियाणं ते फूल यात दोन महिने जातात आणि तोवर एप्रिल संपतो. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या वर गेलं की टोमॅटोची फुलं फळ न धरता गळतात आणि आपल्याकडे एप्रिलात पारा सदतीस-अडतीसच्या घरात जातोच. तेव्हा रोपवाटिकेतून तयार रोप आणा, आणि खालची पाने काढून खोड निम्म्यापर्यंत मातीत गाडा. गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात.

बारा बादल्यांची वाटणी माझ्या मते अशी : भेंडी चार, गवार दोन, टोमॅटो दोन, मिरची एक, काकडी एक, आणि उरलेल्या दोनांत पोकळा. पोकळ्याला पंचवीस-तीस दिवस पुरतात, आणि या उन्हात त्याच्याइतकी बिनतक्रार पालेभाजी दुसरी नाही. बादल्या थेट स्लॅबवर ठेवू नका. दोन-दोन विटांवर उचला, नाहीतर तापलेल्या स्लॅबने खालची मुळं शिजतात. आणि त्या गच्चीच्या मध्यभागी न मांडता कडेने, भिंतीच्या आणि बीमच्या वर मांडा. ओल्या मातीची एक बादली तीस किलोच्या आसपास भरते.

कसबा बावड्याहून : परसात काळी माती आहे. ती भुसभुशीत व्हावी म्हणून गुऱ्हाळावरची चिपाडं (रस काढून उरलेला ऊस) बारीक करून भरपूर मिसळली. वांगी, मिरची लावली, पण तीन आठवडे झाले तरी रोपं जागची हलली नाहीत, पिवळी पडली आहेत. माती बिघडली का?

माती बिघडलेली नाही, ती तात्पुरती उपाशी आहे. हा प्रश्न खास आपल्या भागातला. गुऱ्हाळं चालू असतात, चिपाड आणि पाला मुबलक मिळतो, म्हणून दरवर्षी कुणी ना कुणी हे करतंच.

चिपाडात कर्ब (कार्बन) भरमसाट आणि नत्र (नायट्रोजन) अगदी नावाला असतं. ती मातीत गेली की कुजवणारे जिवाणू कामाला लागतात. त्यांना स्वतःची वाढ करायला नत्र लागतं, चिपाडात ते नाही, मग ते मातीतलं ओढून घेतात. रोपाच्या वाट्याला काही उरत नाही. खालची, जुनी पाने आधी पिवळी पडली असतील तर हेच कारण समजा.

आता रोपं उपटू नका. शेंगदाण्याची पेंड मूठभर घेऊन पाच लिटर पाण्यात दोन-तीन दिवस भिजवा, ते पाणी गाळून तितकंच साधं पाणी घाला आणि आठवड्यातून एकदा बुडाशी द्या. गोमूत्र मिळत असेल तर एकास दहा पाणी. दोन-तीन आठवड्यांत नवा शेंडा हिरवा दिसेल. जिवाणूंचं काम आटोपलं की अडकलेलं नत्र परत मातीतच येतं, त्यामुळे पावसाळ्यात हीच जागा तुमची सर्वांत चांगली जागा होईल.

यापुढे नियम एकच : न कुजलेलं चिपाड, पाला, पाचट (उसाची वाळलेली पाने) मातीच्या वर. आत घालायचं ते कुजवूनच. वरती तीन-चार बोटं जाडीचं पाचटाचं आच्छादन हे उन्हाळ्यातलं सर्वांत मोठं औषध आहे. माती तापत नाही, ओल टिकते, काळी माती भेगाळत नाही. आच्छादन खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, आणि वाळवी दिसली तर तेवढ्या भागातलं बाजूला करा. काळी माती मोकळी करायची असेल तर पूर्ण कुजलेलं शेणखत आणि थोडी पन्हाळा-शाहूवाडीकडची तांबडी माती मिसळा.

साखर कारखान्यावरचं प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) आणलं तरी तेच. गरम असताना घालू नका, चार-पाच महिने खड्ड्यात कुजू द्या. चुलवाणाची, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीची, राखही बरेच जण आणतात. तिच्यात पालाश (पोटॅश) असतं हे खरं, पण ती क्षारधर्मी असते आणि आपली काळी माती आधीच त्या अंगाची. म्हणून काळ्या मातीत राख चिमटीनेच. तांबड्या मातीत मूठभर चालते.

शिवाजी पेठेतून एक आजी : दोडक्याचा वेल मांडवभर गेलाय, पिवळी फुलं लई येतात, पण दोडका धरत नाही. बारका दोडका दिसतो आणि पिवळा पडून गळतो. नजर लागली म्हणतात शेजारी.

आजी, नजर नाही. फुलांची गाठ पडत नाही, एवढंच.

दोडक्याला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. आधी नुसती नर फुलं येतात, घोसाने. ती गळणारच. त्यानंतर एकेकटी मादी फुलं येतात, त्यांच्या देठाशी इवलासा दोडका आधीच असतो. नराचा पराग तिथे पोचला तर तो वाढतो, नाही पोचला तर पिवळा पडून गळतो. तुम्ही सांगता ते नेमकं हेच.

पराग का पोचत नाही, तर दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. सकाळी तुम्ही पाणी घालायला जाता तेव्हा त्याची वेळ टळून गेलेली असते. पेठेतल्या दाट वस्तीत, वरच्या मजल्यावर, तिन्हीसांजेला मधमाश्या आणि पतंग फारसे येत नाहीत. म्हणून ते काम आपण करायचं. दिवेलागणीच्या सुमारास ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा, आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने टेकवा. एका नर फुलाच्या परागावर दोन-तीन मादी फुलांचं काम होतं. दोन-तीन दिवसांत बारका दोडका हिरवा राहून लांबायला लागला की काम झालं.

इतर वेलींची वेळ लक्षात ठेवा, कारण हाच प्रश्न दुधी आणि काकडीबद्दलही आलाय. दुधीचं पांढरं फूल दोडक्यासारखंच संध्याकाळी उमलतं. काकडी, कारलं, लाल भोपळा आणि घोसाळं मात्र सकाळी. त्यांना हात लावायचा तर न्याहारीच्या आधी. घोसाळं आणि दोडका दिसायला भाऊ-भाऊ, पण वेळ उलटी.

मांडव नुसता पानांनी भरलाय म्हणता, तेव्हा शेणखत, पेंड काही दिवस बंद ठेवा. नत्र जास्त झालं की वेल पानावर जातो आणि नर फुलंच जास्त येतात.

आता एक फरक. दोडका बोटभर वाढून मग वाकडा होत असेल, त्यावर सुईने टोचल्यासारखा ठिपका असेल आणि चिरल्यावर आत अळ्या असतील, तर ती फळमाशी. तिच्यासाठी फवारणी व्यर्थ, कारण अळी फळाच्या आत असते. कृषी सेवा केंद्रात क्यू-ल्यूरचा (नर फळमाशीला वासाने ओढणारा) सापळा मिळतो, तो मांडवाला टांगा. धरलेल्या फळाला वर्तमानपत्राची पिशवी घाला. आणि किडकी फळं कचऱ्यात टाकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा. नाहीतर अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि नव्या माश्या तयार होतात.

उचगावहून : भेंडीची पाने पिवळी पडलीत. दुकानदार म्हणतो केवडा रोग, भाऊ म्हणतो लोह कमी. कोण बरोबर?

पान उन्हाकडे धरून शिरा बघा. शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवट असेल, पिवळी जाळी दिसत असेल, तर दुकानदार बरोबर. उलट शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, आणि तेही शेंड्याच्या कोवळ्या पानांवर, तर भाऊ बरोबर. चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. तिथे चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी लागू पडते.

केवडा हा विषाणू आहे, त्याला औषध नाही. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. बाधित झाड जीव घट्ट करून उपटा. "एवढी भेंडी निघू दे, मग काढतो" म्हणेपर्यंत सगळा वाफा जातो. उरलेल्या झाडांजवळ पिवळ्या पत्र्याला किंवा पुठ्ठ्याला एरंडेल लावून टांगा, आणि निंबोळी अर्क फवारा : लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने. 'परभणी क्रांती'सारखे वाण केवड्याला तोंड देतात म्हणून लावले जातात, पण त्यांची ती ताकद पूर्वीइतकी राहिलेली नाही, तेव्हा वाणावर विसंबून लक्ष काढू नका.

ताराबाई पार्कातून : कोथिंबीर दर उन्हाळ्यात फसते. एकतर उगवत नाही, उगवली तर लगेच फुलावर येते.

धणे चपलेने रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, आणि वेलाच्या मांडवाखाली किंवा पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, तोवर वरची माती सुकू द्यायची नाही. फुलावर येणं हा उष्णतेचा परिणाम आहे, ते पूर्ण थांबणार नाही. म्हणून दर दहा दिवसांनी थोडी-थोडी पेरा आणि चार बोटं झाली की उपटा.

मंगळवार पेठेतून : टोमॅटोचं बूड काळं पडून चामड्यासारखं होतं. अंड्याची टरफलं घातली, फरक नाही.

पडणारही नाही. फळाला कॅल्शियम कमी पडलंय, पण ते मातीत नाही म्हणून नव्हे. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, आणि तुमचं पाणी एक दिवस भरपूर, दोन दिवस कोरडं असं चाललं असणार. टरफलं विरघळायला तर वर्ष जातं. काळी फळं काढून टाका, आच्छादन घाला आणि रोज एकाच वेळी, सारखंच पाणी द्या. पुढची फळं नीट येतात.

मिरचीची पाने आकसलीत, असं तिघांनी विचारलंय.

वर वळून होडीसारखी झाली असतील तर फुलकिडे (रस शोषणारे बारीक किडे). खाली वळली असतील तर कोळी (पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड, घरातला कोळी नव्हे). फुलकिड्यांना वरचा निंबोळी अर्क चार-पाच दिवसांच्या अंतराने. कोळी असेल तर आधी पाण्याचा जोरदार फवारा पानाखालून मारा, त्याला कोरडी हवा लागते. तरी हटला नाही तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण फक्त संध्याकाळी. उन्हात मारलं तर पाने भाजतात.

सम्राटनगरमधून : पाणी किती आणि कधी? दुपारी काकडी, दुधी माना टाकतात, म्हणून दुपारीही घालते. आणि सुट्टीत आठवडाभर गावी जायचं आहे.

दुपारचं पाणी बंद करा. काकडी-दुधीची मोठी पाने भर उन्हात माना टाकतात ती ओल वाचवायला, मुळाशी पाणी असलं तरी. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की ती आपोआप ताठ होतात. खरी खूण सकाळची : सकाळी सातला झाड मलूल असेल तरच ते तहानलेलं आहे. मातीत बोट दोन पेरं घाला, ओल लागली तर थांबा. पाणी पहाटे द्या आणि भरपूर द्या, म्हणजे बादलीच्या खालून थोडं बाहेर येईल. वरच्यावर शिंपडलेल्या पाण्याने मुळं वरच राहतात आणि तीच एप्रिलात पहिली होरपळतात.

गावी जाताना मडकं पुरा. बिनरंगाचं, बिनचकाकीचं, दोन-तीन लिटरचं छोटं मडकं बापट कॅम्पात किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मिळेल. ते गळ्यापर्यंत मातीत पुरून भरा, वर झाकणी ठेवा. पाणी हळूहळू पाझरतं आणि वीतभर अंतरातली मुळं ते शोधत येतात. जुनं, पिण्याच्या पाण्याचं मडकं बहुधा चालत नाही, क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात. आधी भरून रात्रभर बाहेर ठेवा. बाहेरून ओलसर झालं तरच पुरा. मडकं साधारण तीन-चार दिवस पुरतं, म्हणून आठवड्याच्या मध्ये एकदा शेजारच्यांना भरायला सांगूनच जा, आणि बादल्या सगळ्या एका जागी, सावलीला, एकमेकींना खेटून ठेवा.

गंगावेशीतून : घरच्या चार वाफ्यांना जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत) किती करू?

वीस लिटर पुष्कळ झालं. देशी गाईचं शेण एक किलो, गोमूत्र एक लिटर, गूळ दोनशे ग्रॅम, बेसन दोनशे ग्रॅम, बांधावरची किंवा झाडाखालची मूठभर माती. गूळ काळपट, बिनरसायनाचा घ्या. दिसायला पिवळाधमक नको. सावलीत, गोणपाट झाकून, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा. दोन दिवसांनी तयार होतं आणि आठवड्यात संपवा. वाफ्यात ओल असतानाच, दहापट पाणी घालून, पंधरा दिवसांतून एकदा. कोरड्या मातीत ओतलेलं वाया जातं.

पाचगावहून : दरवर्षी वळवाच्या पावसात मांडव कोसळतो. काय करावं?

वळीव येतो तो आधी वारा घेऊन. मांडवाचे खांब दोन फूट खोल, आणि पश्चिमेच्या बाजूला तिरका टेकू हवाच. वेल सुतळीने बांधताना आठच्या आकड्याचा सैल फास द्या, कचकचून बांधलेला वेल वाऱ्यात तिथेच तुटतो. पाऊस येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी तीन कामं : बादल्यांची खालची भोकं मोकळी करा, मातीचे शिंतोडे उडालेली खालची पाने काढून टाका, आणि आडवा झालेला वेल ओढून उभा न करता दोन दिवस तसाच राहू द्या. शेंडा स्वतःहून वर वळला की मग हळूच मांडवावर चढवा.