‘मी मुळातच वाईट आहे का?’

ख्रिस्ती घरांतून येणाऱ्या माणसांकडून हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून वारंवार ऐकते, मात्र तो सरळ प्रश्न म्हणून क्वचितच येतो. कधी झोप लागत नाही म्हणून येतो, तर कधी लग्नाचा निर्णय होत नाही म्हणून. पुढील हकिगत संबंधित बाईंच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

त्या ३४ वर्षांच्या होत्या, मूळच्या अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या, आणि पुण्यात हिशेबाचे काम करीत. पहिली मुलगी पाच महिन्यांची होती. बाळ झोपले तरी त्या जाग्या राहत आणि दिवसभरात काय काय चुकले ते आठवून पुन्हा पुन्हा क्षमा मागत. बाळंतपणाचा थकवा असेल, असे यजमानांना वाटत होते. ते अगदीच चूक नसावे म्हणून मी बाईंना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, कारण प्रसूतीनंतरचे नैराश्य आणि मंत्रचळ (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) हे दोन्ही आजार पापाची भाषा बोलू शकतात आणि औषधाची गरज असताना नुसत्या बोलण्यात आठवडे घालवणे बरे नव्हे. औषधाने झोप सुधारली, पण आतली ठुसठुस गेली नाही.

दुसऱ्या भेटीत त्यांनी पर्समधून एक शंभर पानी वही काढली. बारा वर्षांच्या असताना लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत संडे स्कूलमध्ये बायबलमधले ५१वे स्तोत्र (‘मी जन्माचाच पापी आहे’ असे म्हणणारे पश्चात्तापाचे गीत) पाठ करून घेतले होते आणि रोज रात्री आपली पापे लिहून काढायला सांगितले होते. लेंट संपला, बाईंची वही संपली नाही. मी पाहिली ती अशा कितीतरी वह्यांनंतरची एक होती. उघडले त्या पानावर चार ओळी होत्या: ‘आळस केला. उपासनेत लक्ष नव्हते. आईवर मनातून चिडले. मी घाण आहे.’ पुढचे पान उलटले, त्याच्या पुढचेही उलटले. वरच्या ओळी रोज बदलत होत्या, चौथी मात्र तीच होती.

इथे माझ्या हातून चूक झाली. मी पटकन म्हणाले, “अहो, तुम्ही किती चांगल्या आहात!” त्यांनी वही मिटली आणि शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, तुम्हाला आमचं शास्त्र ठाऊक नाही.” त्यांचे बरोबर होते. स्वतःविषयीचे चांगले मत हाच मोठा मोह, असे जिला लहानपणापासून शिकवले गेले आहे, तिला माझी स्तुती हा आणखी एक मोह वाटणार, हे मला आधी सुचायला हवे होते.

मग मी शास्त्राकडे न जाता वहीकडेच वळले. ‘चिडले’ हे क्रियापद आहे, त्याला तारीख आहे, त्यावर काही करता येते, कुणाची माफी मागता येते. ‘घाण आहे’ याला तारीख नाही आणि त्याची भरपाईही नाही. पहिल्याला आम्ही अपराधभाव म्हणतो, दुसऱ्याला शरम. अपराधभाव माणसाला दुसऱ्याकडे नेतो, शरम तोंड लपवायला लावते. हे त्यांना हिशेबाच्या भाषेत लगेच समजले: “म्हणजे नोंदी खऱ्या आहेत, पण शिल्लक मी आधीच ठरवून टाकलेली आहे.”

जाता जाता सांगते, हा त्रास नवा नाही. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी १५२२ साली स्पेनमधील मॅनरेसा येथे आधीच कबूल केलेली पापे पुन्हा पुन्हा कबूल करून स्वतःचा छळ मांडला होता, आणि पुढे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा ल्यूथर तरुणपणी मठात तासन्‌तास पापनिवेदन करीत असे.

तिसऱ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. बाळाला न्हाऊ घालताना सासूबाई सहज म्हणाल्या होत्या, “बाप्तिस्मा उरकून घ्या, लेकरू पापात जन्मलंय.” बाईंचा हात बाळाच्या ओल्या टाळूवर होता. “मला राग आला,” त्या म्हणाल्या. “स्वतःसाठी कधी आला नव्हता. आणि रागाचीही नोंद केली मी त्या रात्री.”

सिद्धान्त सोडवणे हे माझे काम नाही, म्हणून त्यांच्या विश्वासातल्या एका निवृत्त पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) भेटायला मी सुचवले. पाळकसाहेबांनी जे सांगितले ते त्यांनी मला वहीच्या मागच्या पानावर लिहून आणून दाखवले. ५१वे स्तोत्र परंपरेने दावीद राजाचे मानतात, आणि ते बथशेबा व उरीया यांच्या प्रकरणानंतरचे (दाविदाने बथशेबाशी व्यभिचार करून तिचा नवरा उरीया याला मारवले होते), म्हणजे एका विशिष्ट, भयंकर अपराधाने हादरलेल्या माणसाचा तो आक्रोश आहे; तान्ह्या बाळाचा तपासणी अहवाल नव्हे. बायबलमधील पौलाच्या रोमकरांस पत्राच्या ५:१२ मध्ये मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ आज बहुतेक भाषांतरकार ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा घेतात, पण ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन (३५४–४३०) यांच्यासमोरच्या लॅटिन पाठात तो ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले’ असा वाचला जाई, आणि पहिला माणूस आदाम याचा दोष जन्मानेच अंगी येतो या पश्चिमेकडील ‘मूळ पापा’च्या शिकवणीला त्याचा मोठा आधार मिळाला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा आदामाकडून मरण आणि दुबळेपण आले असे मानते, त्याचा दोष आला असे मानत नाही. वसईकडून येणाऱ्या कॅथलिक मंडळींनाही मी एक गोष्ट सांगत असते: १९९२च्या त्यांच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात मूळ पाप हे आदामाच्या वंशजांचा वैयक्तिक अपराध नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. शेवटी पाळकसाहेबांनी विचारले होते, “बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, पहिला अध्याय तिसऱ्याच्या आधी येतो ना? मग देवाचं प्रतिरूप आधी, पतन नंतर.”

बाईंना हे पटले, पण हलवले ते दुसऱ्याच गोष्टीने. आपण मुळात ख्रिस्ती झालो कसे, हे त्यांनी वडिलांना फोनवर विचारले. १८७६–७८च्या दुष्काळानंतर खापरपणजोबांनी मिशनच्या शाळेत पाऊल टाकले, त्याआधी गावात त्यांची सावलीही चालत नव्हती. वडील म्हणाले, “शास्त्र त्यांना मागाहून कळलं, बाळा. आधी कळलं ते एवढंच, की सगळ्यांबरोबर एका सतरंजीवर बसवतात, आणि आपला विटाळ होत नाही.”

हे सांगताना त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “जन्मानं अपवित्र ठरवणं खापरपणजोबांनी गावातच मागे सोडलं, आणि मी तेच वहीत पुन्हा लिहीत बसले.”

यावर मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, असे माझे मत आहे.

‘पाप’ हा शब्दच टाकून द्या, असे मी कुणाला सांगत नाही आणि त्यांनाही सांगितले नाही. ‘सर्वांनी पाप केले’ हे वाक्य त्या खापरपणजोबांना उलट दिलाशाचे वाटले असेल, कारण त्या ‘सर्वां’मध्ये गावचा पाटीलही येत होता. शब्द तोच असतो. तो कोण कुणाला, कोणत्या वयात, आणि कशाच्या आधी सांगतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. बारा वर्षांच्या मुलीला प्रतिरूपाचा धडा देण्याआधी पापाची वही देणे ही शिकवण्याची चूक होती, आणि ती करणाऱ्या शिक्षिकेलाही बहुधा कुणीतरी तशीच वही दिली असावी.

पुढे आठ महिने त्या येत राहिल्या. वही बंद करा, असे मी कधी म्हटले नाही. फक्त चौथी ओळ लिहायची इच्छा झाली की त्या जागी तारीख घालता येईल असे क्रियापद शोधायचे, एवढे ठरले होते. पहिले काही आठवडे ती ओळ खोडलेली दिसे, मग नुसती रिकामी जागा, आणि पुढे नोंदीच आठवड्याला एक-दोन होऊ लागल्या. मुलीचा बाप्तिस्मा झाला, आणि तो त्यांनी स्वतः हौसेने ठरवला.

शेवटच्या भेटीत त्यांनी वही पुढे केली. पानावर एकच नोंद होती: ‘सासूबाईंना टाकून बोलले. संध्याकाळी चहा नेऊन दिला, माफी मागितली. त्या म्हणाल्या, साखर कमी आहे.’