शेवळं, कडू दुधी आणि भरताचं वांगं: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे रानभाज्यांचे प्रश्न सुरू होतात. यावेळी त्यांच्या जोडीला फळांचेही बरेच आहेत. त्यातले काही घेते.

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात. मागच्या वर्षी हौसेने आणली, पण घरात सगळ्यांचाच घसा खाजला. नेमकं काय चुकलं? (डोंबिवली)

बहुतेक दोन गोष्टी राहिल्या असाव्यात, साफ करणं आणि काकडं.

शेवळं म्हणजे रानसुरणाच्या जातीच्या कंदाला पहिल्या पावसाच्या सुमारास जमिनीतून येणारा फुलोरा. अळू आणि सुरण त्याचे भाऊबंद. या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. ते जिभेला आणि घशाला टोचतात, म्हणून खाज येते.

आधी हाताला तेल लावा. वरची पानासारखी आवरणं सोलली की आत एक दांडा दिसतो. त्याच्यावरचा पिवळा, दाणेदार भाग सगळ्यात खाजरा, तो पूर्ण काढून टाकायचा. उरलेलं बारीक चिरा आणि बऱ्यापैकी तेलात मंद आचेवर रंग पालटेपर्यंत परता. इथे घाई केली की भाजी हमखास खाजते.

आता काकडं. शेवळांच्या शेजारीच हिरव्या, गोल, आवळ्याहून लहान फळांचे वाटे मांडलेले असतात, तीच ही. अनेकजण शेवळं घेतात आणि काकडं तिथेच सोडून येतात. ही फळं कमालीची आंबट. ठेचून, बिया काढून, पाण्यात कुस्करून गाळा आणि ते पाणी परतलेल्या शेवळांत घालून चांगलं शिजू द्या. काकडं मिळालीच नाहीत तर चिंचेचा कोळ किंवा आमसुलं घाला, पण हात सैल ठेवून. आंबटामुळे खाज मोडते, हा ठाणे-पालघर-रायगडातल्या घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

पुढे काय करायचं ते तुमच्या घरच्या चवीवर. सीकेपी घरांत शेवळांची कणी होते, कुणी सोडे किंवा कोलंबी घालतं, कुणी खिमा. शाकाहारी करायची तर सोललेले वाल घाला, दोघांचं छान जमतं. पहिल्यांदा करताय तर एकच जुडी आणा. आणि घेताना त्या बाईंना विचारा, "मावशी, तुम्ही कशी करता?" ही भाजी त्यांनी जंगलात शोधून, खुडून, डोक्यावरून आणलेली असते. त्या मनापासून सांगतात. त्यांच्याशी दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

प्रश्न : सासूबाई रोज सकाळी दुधीचा रस घेतात. परवा रस कडू लागला, तरी "औषध कडूच असतं" म्हणून त्यांनी अर्धा पेला घेतला. चालतं का? (सोलापूर)

नाही. कडू दुधीचा रस एक घोटही घेऊ नये.

दुधी, काकडी, दोडका, पडवळ ही एकाच कुळातली. या कुळात कुकुरबिटासिन नावाचं कडू विषारी द्रव्य तयार होऊ शकतं. एरवी ते नगण्य असतं, पण एखाद्या फळात ते खूप वाढतं आणि बाहेरून ते फळ अगदी इतरांसारखंच दिसतं. कडू रसामुळे जोराच्या उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली जाणं असे प्रकार होतात. आपल्या देशात यामुळे मृत्यूही झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू लागलेला रस पिऊ नये, असं स्पष्ट सांगितलं आहे.

शिजवल्याने हा कडूपणा जात नाही, साखर-लिंबू घातल्याने तर नाहीच. म्हणून दुधी चिरला की आधी छोटा तुकडा जिभेला लावायचा आणि कडू लागला तर थुंकून अख्खा दुधी फेकायचा. कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा, तो या हिशोबात धरू नका. सासूबाईंना थोडाही त्रास झाला असेल, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : जळगावच्या लग्नात खाल्लेलं भरीत विसरता येत नाही. पुण्यात तेच वांगं आणून गॅसवर केलं, तरी ती चव नाही. (पुणे)

आधी खात्री करा की वांगं तेच होतं. खानदेशी भरताचं वांगं फिकट हिरवं, पांढरट छटेचं, भलं मोठं आणि कमी बियांचं असतं. आसोदा-बामणोदकडची वांगी त्यासाठी नावाजलेली. जळगावच्या या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. बाजारात जांभळं, काळपट वांगं सर्रास "भरताचं" म्हणून मिळतं. त्याचंही भरीत होतं, पण गर वेगळा आणि गोडवाही वेगळा. हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर बिया कमी.

दुसरी गोष्ट आचेची. तिकडे वांगी तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजतात. तो धूर गरात मुरतो आणि गॅसवर तो येत नाही. कोळशाची छोटी शेगडी असेल तर बाल्कनीत लावाच. नसेल तर गॅसवर, पण मंद आचेवर फिरवत, साल पूर्ण काळी होऊन देठाजवळचा भाग दबेपर्यंत भाजा. बहुतेक जण देठाकडे कच्चं ठेवतात. भाजलेलं वांगं लगेच सोलू नका, दहा मिनिटं झाकून ठेवा, साल अलगद निघते. मात्र सोलताना ते नळाखाली धरलंत तर भाजल्याचा सगळा वास वाहून जाईल.

तिसरी गोष्ट, मिक्सर. खानदेशात लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून ठेचतात, त्यातच वांगं घोटतात. मिक्सरमध्ये गराची लापशी होते. तुमच्याकडे खलबत्ता किंवा जाड बुडाचं पातेलं आणि रवी असली तरी भागेल. मग तेलात शेंगदाणे, कांद्याची पात, वरून कोथिंबीर. टोमॅटो आणि गरम मसाला यात घालत नाहीत, आणि घालू नका असंच मी सांगेन. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी.

करायचंच तर थंडीत करा. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा सुरू करतात. त्या सुमारास वांगंही ऐन बहरात असतं.

प्रश्न : दिवाळीच्या आसपास बाजारात हिरवी नागपुरी संत्री दिसतात. ती कच्चीच तोडलेली असतात का? (नाशिक)

प्रत्येक वेळी नाही. नागपुरी संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृगाची फेब्रुवारीपासून पुढे. सालीला नारिंगी रंग चढायला रात्रीचा गारवा लागतो. तो पडण्याआधी तयार झालेलं फळ आतून गोड, वरून हिरवट असू शकतं. त्यामुळे रंगापेक्षा वजन पाहा. हाताला जड लागणारं घ्या. साल फार फुगून गरापासून सुटलेली असेल तर आतल्या फोडी कोरड्या निघण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : फणस कापा की बरका, हे न कापता कसं ओळखायचं? आणि बरका निघाला तर त्याचं काय करायचं? मुलं तो बुळबुळीत गर तोंडात घेत नाहीत. (कोल्हापूर)

बाहेरून खात्रीने सांगणं भल्याभल्या कोकणी माणसालाही जमत नाही. झाडाच्या मालकाला मात्र आपलं झाड पाठ असतं, म्हणून विकणाऱ्याला सरळ विचारा. पिकल्यावर दाबून पाहिलं की बरका जास्त दबतो, तेवढी एक खूण.

बरका निघाला म्हणून हिरमुसू नका. गोव्यात त्याला रसाळ म्हणतात आणि त्याचं मोल कमी मानत नाहीत. फणसपोळी त्याचीच आणि सांदणंही त्याचीच. गरे चाळणीवर घासून रस काढा. एक वाटी रसाला साधारण एक वाटी भाजलेला तांदळाचा रवा, चवीपुरता गूळ, चिमूटभर मीठ आणि थोडा नारळाचा रस घाला, अर्धा तास भिजू द्या आणि इडलीसारखं वाफवा. मुलांना फणस आहे हे न सांगता फसवून देऊ नका. रस काढायला त्यांनाच बसवा, हात बरबटून घेऊ द्या, मग बहुतेक जण पहिलं सांदण स्वतःच मागतात.

चीक लागला तर पाणी लावू नका, खोबरेल तेलाने पुसा. आठळ्याही टाकू नका. मिठाच्या पाण्यात उकडून खा किंवा टाकळ्याच्या भाजीत घाला.

प्रश्न : मी तीन वर्षं जर्मनीत आहे. आईने दिलेल्या आमसुलांची सोलकढी काळपट आणि फुटलेली होते. (म्युनिक)

कढी फुटते ती गरम केल्याने. नारळाचं दूध आणि कोकम एकत्र आल्यावर पातेलं गॅसवर ठेवूच नका. थंडच करा.

काळपट रंगाचं कारण आमसुलं जुनी असणं. रातांब्याची सालं पुन्हा पुन्हा त्याच्याच खारवलेल्या रसात बुडवून वाळवली की आमसुलं होतात, आणि ती वर्ष-दोन वर्षांत काळी पडतात. आंबटपणा टिकतो, त्यामुळे आमटीला ती उत्तमच, पण गुलाबी रंग हवा तर आईला आगळ पाठवायला सांगा. तो रातांब्याचा मीठ घातलेला घट्ट रस असतो. त्यात मीठ भरपूर असतं, म्हणून कढीत वेगळं मीठ घालण्याआधी चाखून पाहा. डबाबंद नारळाचं दूध चालेल, फक्त निम्मं पाणी घालून सैल करा. लसूण आणि हिरवी मिरची वाटून त्याचा रस गाळून घ्या, जिरं थोडंच. आगळ सगळ्यात शेवटी, एकेक चमचा घालत.