चढावर नव्हतोच, सपाटीवर जेवत होतो

‘उभ्या चढावर जाणारच नाही, गुलमर्गहून खिलनमर्गच्या सपाटीवर स्नोशू घालून फिरणार, मग बीकनचं भाडं कशाला भरायचं?’ हे तुमचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. (बीकन म्हणजे हिमस्खलनात गाडलेल्याला शोधता यावं म्हणून अंगावर बांधायचं, सिग्नल देणारं यंत्र.) सहा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच म्हणालो होतो.

बीकन, प्रोब (बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची लांब काठी), फावडं कसं वापरायचं ते गाइड शिकवेल. मी फक्त आमचा गाढवपणा सांगतो.

आम्ही चौघं. तीन दिवस बर्फ पडून चौथ्या दिवशी लख्ख ऊन. एका घळीच्या तोंडाशी, अगदी सपाटीवर, डबे उघडले. सॅक ओळीने ठेवल्या. बीकन सॅकमध्ये, कारण पट्टा काचत होता. वर बॅटरी वाचवायला बंद. गूळपोळीवरचं तूप दगड झालं होतं, ते मी चमच्याने खरवडत होतो. मित्र लघवीला म्हणून घळीकडे वीसेक पावलं गेला आणि ‘धप्प’ असा आवाज आला, जुन्या गादीवर कुणी बसावं तसा. आम्ही हसलो. वर पाहिलं तर बर्फाला आडवी चीर पडली होती.

मित्र छातीपर्यंत गाडला गेला. डोकं वर राहिलं, हे नशीब. सॅक मात्र सगळ्या गडप, म्हणजे फावडीही. डब्याच्या झाकणांनी उकरलं, पाऊण तास. पूर्ण गाडलेल्या माणसाच्या हातात पंधराएक मिनिटं असतात, एवढाच हिशेब करा.

कारण नंतर कळलं. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो, रात्री निरभ्र आणि कडाक्याच्या. तळाचा बर्फ साखरेसारखा दाणेदार होतो, मुठीत त्याचा लाडू वळत नाही. त्यावर नवा जड थर बसला की सपाटीवरच्या पावलानेही खालचा थर खचतो आणि ते खचणं उतारापर्यंत पळत जातं. हिमस्खलनाला साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार लागतो हे खरं, पण तो पायाखालीच हवा असं नाही, डोक्यावर असला तरी पुरतो. जिथे बसणार तिथून घळीचा माथा किती अंशांवर दिसतो ते फोनमधल्या कोनमापकातून बघा (हा उताराचा नाही, नजरेचा कोन). २० अंशांच्या बराच वर दिसत असेल तर तिथे डबा उघडू नका. (ढोबळ अंदाज आहे, मी प्रशिक्षक नाही. स्थानिक गाइड ‘नको’ म्हणाला तर विषय संपला.)

आदल्या दिवशी एका कार्यालयात चौकशीही केली होती. ‘रास्ता चालू है, गोंडोला (केबल कार) चालू है.’ वरच्या घळींचं काय, विचारलं तर रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, मोबाइल, वडिलांचं नाव. बर्फाबद्दल चकार शब्द नाही! चंदीगडच्या डीजीआरईचं (हिमस्खलनाचा अंदाज देणारी संरक्षण खात्याची संस्था) बुलेटिन बघाच, पण त्यात जिल्हा, उंची आणि धोक्याची पातळी असते, तुमची घळ नसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्गच्याच भागात हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला.

जाता जाता : सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसताना उपग्रहातून संदेश पाठवणारं यंत्र) नेऊ नका, भारतात परवानगीशिवाय चालत नाही, विमानतळावर अडकाल.

आणि भाड्याचं म्हणाल, तर बंद बीकन शोधताही येत नाही. चारही बीकनची पूर्ण किंमत भरून परतलो.