'उपार्जन' खर्चाचेही होते का?

प्रश्न असा आहे : 'सार्वजनिक संस्थांनी रोख पद्धत सोडून उपार्जन पद्धतीने लेखे ठेवावेत' असे वाक्य वाचनात आले. उपार्जन म्हणजे कमाई. मग संस्थेच्या देण्याला 'उपार्जित खर्च' कसे म्हणायचे?

शंका रास्त आहे. 'अर्ज्' धातूचा अर्थ मिळवणे. द्रव्यार्जन, ज्ञानार्जन, अर्थार्जन, सगळीकडे पदरात काहीतरी पडतेच. ज्या इंग्रजी शब्दासाठी (accrual) 'उपार्जन' योजले गेले, त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ मात्र 'वाढणे, भर पडणे' असा आहे. भर येण्यातही (मिळायच्या रकमेतही) पडते आणि देण्यातही. मराठी पर्यायात देण्याची बाजू राहून गेली. म्हणून 'उपार्जित व्याज' कानाला चालते, 'उपार्जित खर्च' अडखळवतो, आणि पुस्तपालनात त्या जागी 'अदत्त खर्च' म्हणतात.

बोलीत मात्र दोन्ही बाजूंना पुरेल असे नेमके क्रियापद आहे : निघणे. 'माझे त्याच्याकडे पाचशे निघतात', 'ठेकेदाराचे संस्थेकडे दोन लाख निघतात.' पैसा हललेला नाही, पण हक्क आणि देणे उभे राहिले आहे. रक्कम निघाली की नोंद, हातात पडण्याची वाट पाहायची नाही, हेच उपार्जन तत्त्व.

सार्वजनिक पैशाच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. समजा, एका संस्थेला वर्षासाठी ४० लाख मिळाले आणि ३१ मार्चपर्यंत ३८ लाख अदा झाले. रोख पद्धतीत, म्हणजे पैसा प्रत्यक्ष आला-गेला तेव्हाच नोंद केली तर, २ लाखांची 'बचत' दिसते. पण मार्चमध्ये माल येऊन पडला आहे आणि त्याचे ५ लाखांचे बिल एप्रिलमध्ये चुकते होणार आहे. देणे धरले तर खर्च ४३ लाख, म्हणजे ३ लाख जास्त. उलटेही होते : १० लाखांचे यंत्र १० वर्षे टिकणार असेल, तर रोखीत सगळे १० लाख याच वर्षी जातात, उपार्जनात समान हप्त्याने वर्षाला १ लाख घसारा (वापराने होणारी मूल्यातली घट) खर्ची पडतो.

आता संसदीय तपासणी. अनुच्छेद ११४ नुसार विनियोजन कायद्याशिवाय (खर्चाला संसदेने दिलेल्या मंजुरीचा कायदा) एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढता येत नाही. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला, तर अनुच्छेद ११५ खाली जादा अनुदानाची मागणी करावी लागते; त्याआधी सरकारी खर्च तपासणारी संसदेची लोकलेखा समिती कारणे तपासते. हा सारा हिशेब प्रत्यक्ष पैशाचा, म्हणून वरची ५ लाखांची थकबाकी त्यात त्या वर्षी दिसतच नाही. बाराव्या वित्त आयोगाने उपार्जनाची शिफारस केली, महालेखापरीक्षकांच्या पुढाकाराने २००२ मध्ये सरकारी लेखा मानकांसाठी सल्लागार मंडळही झाले. तरी केंद्र-राज्यांचे लेखे मुख्यतः रोखीवरच आहेत. नगरपालिकांसाठी मात्र २००४ च्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेने उपार्जनाची वाट आखून दिली.

त्यामुळे अशा विषयावर लिहिताना खरा सांभाळायचा शब्द 'खर्च' हा आहे. पैसा गेला असेल तिथे 'अधिदान' किंवा साधे 'अदा केलेली रक्कम' म्हणावे ('अधिदान व लेखा कार्यालय' या नावात तो शब्द आहेच). 'खर्च' लिहिले तर रोखीचा की उपार्जनाचा, हे त्याच वाक्यात सांगावे. नाहीतर वरच्या उदाहरणात ३८ आणि ४३, दोन्ही आकडे 'खर्च' ठरतात आणि समितीपुढचा वाद शब्दावरच अडतो.

'उपार्जन' रुळला आहे, तो बदलू नये. पहिल्या उल्लेखात 'उपार्जन, म्हणजे येणे-देणे धरून लेखे' एवढे जोडले की पुरते. काही जण 'संचय पद्धत' लिहितात, ते टाळावे : 'संचित तोटा', 'संचित घसारा' यांत तो शब्द वर्षानुवर्षे साठत आलेल्या रकमेसाठी आधीच वापरात आहे.