शहराचा मध्यभाग चालणाऱ्यांसाठी करायचा तर सुरुवात कुठून करावी? दुकानदारांचं नुकसान होत नाही का?

दुकानदारांचं विचारलंत म्हणून लिहितोय. पुण्यात लक्ष्मी रोडला आमचं ड्रेस मटेरियलचं दुकान आहे आणि हा वाद आमच्या घरात जेवताना होतो.

११ डिसेंबर २०२१ला पालिकेने पादचारी दिन केला, लक्ष्मी रोडचा एक पट्टा गाड्यांना बंद. काका आधीपासूनच धुसफुसत होते, "गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक येतंय कशाला?" त्या दिवशी गल्ल्यावर मी होतो. म्हाताऱ्या बायका रस्त्याच्या मधून निवांत चालतायत, पोरींचे घोळके आमच्या काचेसमोर थांबून पुतळ्यावरच्या ओढणीची किनार बघतायत, एरवी तिथे क्षणभर उभं राहिलं तरी बाईकचा आरसा कोपराला लागतो. शनिवार होता, आणि गल्ला नेहमीच्या शनिवारपेक्षा चांगला झाला. काका म्हणाले, लग्नसराई आहे म्हणून.

अहो पण सकाळी शटर वर जायच्या वेळेलाच दारात टू-व्हीलरची रांग लागलेली असते, त्या कुठल्या गिऱ्हाइकाच्या? आपल्याच की, मालकांच्या आणि कामावरच्या पोरांच्या, रात्री दुकान बंद होईपर्यंत हलत नाहीत. गिऱ्हाईक बिचारं लांब कुठेतरी गाडी लावून चालतच येतं.

म्हणून सुरुवात इथूनच करा, दुकानदारांच्या गाड्या आधी रस्त्यावरून काढा. मग फुटपाथ. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था) मापाने चालायला किमान १.८ मीटर रुंद मोकळी जागा लागते, पण ती सलग हवी, मधे विजेचा डीपी बॉक्स नको, दुकानाची पुढे काढलेली पायरी नको (आमचीही होती, भांडून तोडायला लावली). फुटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर गेली की म्हातारी माणसं खालूनच चालतात. कोपनहेगनमध्ये १९६२ला मुख्य बाजाररस्ता गाड्यांना बंद केला तेव्हा तिथलेही दुकानदार असेच ओरडले होते, आज तिथे चालायला गर्दी असते.

हां, सरसकट बंदी मात्र नको. माल उतरवायला सकाळी लवकर टेम्पो सोडायलाच लागतील, पेठेत राहणाऱ्यांना आणि ॲम्ब्युलन्सला वाट हवी, गुडघे गेलेल्यांसाठी जवळपर्यंत रिक्षा हवी. बाकीच्यांसाठी २०२४पासून मंडईला मेट्रो आहे, त्यामुळे "लोक येणार कसे" हे कारण काकांनी आता सांगू नये.