शाळेच्या समितीत विद्यार्थी घेतात, पण मताचा अधिकार देत नाहीत. मग त्या पदाचा उपयोग काय?

2013 साली सातवीत असताना मी आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत विद्यार्थी सदस्य होते, म्हणून लिहिते. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं.

मुलींच्या संडासाला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. मागायची तर सगळ्या पोट्ट्यांच्या देखत. म्हणून आम्ही दुपारची खिचडी खायचो, पण वर पाणी प्यायचो नाही. सभेत हे सांगायचं म्हणून वहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहून नेल्या होत्या.

आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, समितीत होते. मी वही उघडली तसे म्हणाले, "बाई, तू जाय बरं, टपरीवर अकरा चहा सांगून ये." येईपर्यंत विषय आटोपला होता. सरांनी रजिस्टर पुढे केलं, बोट ठेवलं तिथे मी सही केली. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलं तेव्हा कळलं, "विद्यार्थी प्रतिनिधींनी शौचालयाबाबत समाधान व्यक्त केले."

मत असतं तर? काही झालं नसतं. शिक्षण हक्क कायद्यात समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बायका आहेत, त्यांना मतही आहे. आमच्याकडे बायकांसाठी रजिस्टरच घरी जायचं. माझ्या आईनं भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं सही केलेली मी पाहिली आहे.

कॉलेजात वेगळं नाही. 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानं वर्ग प्रतिनिधी मार्कांवर ठरायला लागला. 2016 च्या नव्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव महाविद्यालय विकास समितीत बसवले. चहा कोण सांगतं ते तिथल्या पोरांनाच विचारा.

सगळ्याच शाळा अशा नाहीत, हेही खरं. माझी भाची शेजारच्या गावात शिकते, तिथे पोरांनी सांगितलं आणि हापसा दुरुस्त झाला. तिथल्या बाई आधी पोरांना बोलू देतात, मग बाकीच्यांना.

तुमचं पोरगं समितीत असेल तर त्याला एवढंच सांगा, सही करायच्या आधी वरचं वाचायचं आणि चहा सांगायला जायचं नाही. मोठेबाबा अजून लग्नाकार्यात चारचौघांत म्हणतात, "समाधान तर तूच व्यक्त केलं होतं वो, सही आहे ना तुही." आहे. सातवीतल्या अक्षरात, मोडकी. अकरा चहाचे पैसेही मीच दिले होते, ते मात्र रजिस्टरात नाही.